परवानगीविना मुद्रित मैफल: एका जुन्या वादाचा आढावा

प्रश्न नेमका कोणता

एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल या इंग्लिश हार्ड रॉक बँडचा मुंबईत कार्यक्रम झाला. बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर १९९३ च्या अखेरीस बाहेर पडला होता, त्याच्या जागी तात्पुरता आलेला जो सॅट्रियानीही निघून गेला होता आणि स्टीव्ह मोर्स नुकताच रुजू झाला होता. मोर्ससह केलेला ‘पर्पेंडिक्युलर’ हा पहिला अल्बम १९९६ मध्ये आला. त्यामुळे मुंबईच्या कार्यक्रमात बँडचे नवे रूप घडत असतानाचा आवाज ऐकू येतो, आणि अभ्यासकाला तोच मोलाचा वाटतो. हे ध्वनिमुद्रण पुढे ‘बॉम्बे कॉलिंग’ या नावाने निघाले, तेही ‘अधिकृत बूटलेग’ असा शिक्का घेऊन. परवानगीविना केलेल्या मुद्रणाला बूटलेग म्हणायचे आणि त्यालाच अधिकृत ठरवायचे, ही विसंगती कोणाच्याही लक्षात येईल. पण गेल्या पाच दशकांत या क्षेत्रात जे घडले त्याचे सार तिच्यात आहे. आधी चोरी मानली गेलेली गोष्ट कलावंतांनी आणि कंपन्यांनी हळूहळू स्वतःच्या दुकानात मांडली.

सुरुवातीलाच एक भेद स्पष्ट केलेला बरा. बाजारात आलेल्या अल्बमची नक्कल करून विकणे म्हणजे पायरसी. बूटलेगमध्ये जे विकले किंवा वाटले जाते ते बाजारात आलेलेच नसते. श्रोत्याने खिशात यंत्र लपवून टिपलेला कार्यक्रम, ध्वनिव्यवस्थेच्या टेबलावरून थेट घेतलेली फीत, स्टुडिओतून बाहेर पडलेला अर्धवट मसुदा हे सारे त्यात येते. पायरसीने विक्री बुडते हे उघड आहे. बूटलेगने कोणाचे काय बुडते, याचे उत्तर तितके सरळ नाही आणि वाद तिथूनच सुरू होतो. या वादाची पार्श्वभूमी, त्यातल्या भूमिका आणि सुटायचे राहिलेले मुद्दे मांडताना एक सूत्र हाताशी धरले आहे: मुद्रण करणे, ते आपसात देणे-घेणे आणि ते विकणे किंवा प्रसिद्ध करणे या तीन वेगळ्या कृती आहेत, आणि त्यांना एकाच नावाखाली मोजल्यामुळे बराचसा गोंधळ झाला आहे.

रॉकमधली पार्श्वभूमी

रॉकमधल्या बूटलेगचा आरंभ बहुतेक अभ्यासक १९६९ पासून धरतात. त्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांचा दोन तबकड्यांचा संच कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात विकला जाऊ लागला आणि ‘ग्रेट व्हाइट वंडर’ या नावाने ओळखला गेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ओकलंडमध्ये झालेल्या रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमाची तबकडी श्रोत्याने केलेल्या मुद्रणावरून निघाली. तिची रॉक नियतकालिकांत गंभीरपणे समीक्षा झाली आणि बँडने १९७० मध्ये आपला अधिकृत लाइव्ह अल्बम काढला, त्यामागे या तबकडीचा धक्का होता असे मानले जाते. सप्टेंबर १९७० मधल्या लेड झेपेलिनच्या लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमाचीही तशीच तबकडी झाली. त्यांचे व्यवस्थापक पीटर ग्रँट यांनी बूटलेग करणाऱ्यांचा धसका इतका घेतला होता, की १९७१ मध्ये व्हँकूव्हरला आवाजाची पातळी मोजायला आलेल्या सरकारी माणसाचे यंत्रच त्यांनी मुद्रणयंत्र समजून फोडले.

डीप पर्पलचा इतिहास या बाबतीत विशेष बोलका आहे. १९७० मध्ये जर्मनीतल्या आखेन इथे झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाची ‘एच बॉम्ब’ ही चोरटी तबकडी गाजली आणि तिच्या विक्रीवरून ब्रिटनमध्ये खटलाही झाला. लाइव्ह अल्बमबद्दल फारसा उत्साह नसलेल्या या बँडने ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोचे कार्यक्रम व्यवस्थित मुद्रित करू दिले. त्यातून आलेला ‘मेड इन जपान’ हा हार्ड रॉकमधल्या सर्वोत्तम लाइव्ह अल्बमांत गणला जातो. बूटलेगचा उपद्रव नसता तर तो निघालाच नसता असे म्हणणे धाडसाचे होईल. पण कार्यक्रमाच्या मुद्रणाला मागणी आहे हे कंपन्यांना चोरट्या बाजाराने दाखवले, एवढे नक्की. पुढे १९९१ मध्ये डिलनची अधिकृत ‘बूटलेग सीरिज’ सुरू झाली आणि २००० मध्ये पर्ल जॅमने आपल्या युरोप दौऱ्याचे कार्यक्रम स्वतंत्र अल्बमांच्या रूपात बाजारात आणले. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने तर १९८४ पासून सभागृहात मुद्रण करणाऱ्यांसाठी स्वतंत्र जागाच राखली. त्यांची अट एकच होती: फिती आपसात वाटा, विकू नका.

मुंबईचे दाखले

‘बॉम्बे कॉलिंग’ हे नाव योगायोगाने आलेले नाही. इट्स अ ब्यूटिफुल डे या अमेरिकन बँडची याच नावाची रचना १९६९ मध्ये आली होती आणि डीप पर्पलच्या ‘चाइल्ड इन टाइम’ची मूळ धून तिच्यावरून बेतलेली आहे. बँडनेही हे कधी लपवले नाही. मालकीच्या चर्चेत ही गोष्ट विसरता येत नाही. ज्यांचा आवाज चोरीला गेला म्हणून आपण बोलतो त्यांचे संगीतही कुठून तरी घेतलेले, पुढे नेलेले आणि बदललेले असते. यावरून चोरटे मुद्रण माफ करावे असा निष्कर्ष निघत नाही, पण संगीतातली मालकी जमिनीच्या सातबाऱ्यासारखी नोंदलेली नसते हे लक्षात राहते.

दुसरा दाखला १९७२ चा आहे. लेड झेपेलिनच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांनी त्या वर्षी मुंबईच्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी नव्याने मुद्रित केली. निकालावर समाधान न झाल्याने फिती बाजूला पडल्या, पण त्यांच्या प्रती चाहत्यांमध्ये दशकानुदशके फिरत राहिल्या. शेवटी २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत त्या अधिकृतपणे आल्या. हे स्टुडिओतले काम असल्याने कार्यक्रमाचे बूटलेग नव्हे, पण वादाच्या दृष्टीने ते उपयोगी आहे. कलावंताने नाकारलेले काम चोरट्या वाटेने टिकले आणि चाळीसहून अधिक वर्षांनी त्याच कलावंताने ते स्वीकारले. मात्र एवढ्या काळात त्यातल्या मुंबईच्या वादकांना काय मिळाले, हा प्रश्न दोन्ही वाटांवर सारखाच बाजूला राहिला.

मैफलीच्या फिती

महाराष्ट्रात हा प्रश्न रॉकपेक्षा शास्त्रीय संगीतात अधिक खोलवर आहे. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये आणि अल्लादियाखाँ १९४६ मध्ये गेले. त्यांच्या गाण्याचे मुद्रण आपल्याकडे नाही, शिष्यांच्या गळ्यातून आणि लिहिलेल्या आठवणींतूनच त्यांची कल्पना करावी लागते. अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत, आणि त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. पण ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात रागाची मांडणी करणाऱ्या गायकाची ताकद दिसते, त्याची मैफल दिसत नाही. तासभर चालणारा ख्याल, बिघडलेली आणि पुन्हा सावरलेली जागा, साथीदाराला दिलेली दाद हे सारे स्पूलवर आणि नंतर कॅसेटवर टिपलेल्या खाजगी मुद्रणांतच सापडते.

ही मुद्रणे कशी झाली याला एकच उत्तर नाही. काही कलावंताच्या संमतीने झाली, काही यजमानाच्या परवानगीने, काही कोणालाही न विचारता. केसरबाईंचा मैफलीच्या मुद्रणाला सक्त विरोध असे, ही गोष्ट संगीतवर्तुळात प्रसिद्धच आहे. विरोधामागे विक्षिप्तपणा पाहणे सोपे आहे, पण त्यात व्यावसायिक शहाणपणही होते. ज्या गायिकेची प्रतिष्ठा समोर बसून ऐकण्याच्या दुर्मिळतेवर उभी होती, तिच्यासाठी फुकट फिरणारी फीत म्हणजे पुढच्या बिदागीवर घाला होता. विद्याही चोरली जाते अशी जुन्या घराण्यांतली भीती त्याच्या जोडीला होती. दुसरीकडे मुंबईतली एनसीपीए, पं. सत्यशील देशपांडे यांचे संवाद फाउंडेशन, १९८२ मध्ये स्थापन झालेले एथ्नोम्युझिकॉलॉजीचे अभिलेखागार अशा संस्थांनी मैफली पद्धतशीर जपण्याचे काम केले. तरीही संस्थेबाहेर, जुन्या रसिकांच्या कपाटांतही बरेच संगीत राहिले. ते जपले गेले हे खरे, आणि त्यातले पुष्कळसे इतरांना ऐकूही दिले गेले नाही हेही तितकेच खरे.

कायदा काय म्हणतो

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गीतकार आणि संगीतकार यांना हक्क दिले, पण गाणाऱ्याला किंवा वाजवणाऱ्याला प्रत्यक्ष सादरीकरणावर हक्क दिला नव्हता. १९७८ मध्ये फॉर्च्यून फिल्म्स विरुद्ध देव आनंद या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अभिनेत्याच्या अभिनयाला त्या कायद्याखाली कॉपीराइट नाही असे सांगितले, आणि ही पोकळी उघडी पडली. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ३८ मध्ये सादरकर्त्याचा हक्क आला आणि ती दुरुस्ती १० मे १९९५ पासून लागू झाली. डीप पर्पलचा मुंबईचा कार्यक्रम त्याच्या आदल्याच महिन्यातला. आधी पंचवीस वर्षांची असलेली या हक्काची मुदत १९९९ मध्ये पन्नास वर्षे झाली. २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणाचे मुद्रण करण्याचा, त्याच्या प्रती काढण्याचा आणि ते लोकांपर्यंत पोहोचवण्याचा अनन्य हक्क सादरकर्त्याला दिला. आपले नाव लागावे आणि प्रतिष्ठेला बाधा येईल असा फेरफार होऊ नये, हे नैतिक हक्कही दिले.

याच कायद्यातले कलम ३९ मात्र एक दार उघडे ठेवते. मुद्रण करणाऱ्याच्या स्वतःच्या खाजगी वापरासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण हा भंग मानला जात नाही. शिवाय गाण्याच्या मूळ कॉपीराइटचा भंग करून केलेल्या ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र कॉपीराइट मिळत नाही, म्हणजे बूटलेग विकणारा त्यावर मालकी सांगू शकत नाही. कायद्याची ही रचना नीट पाहिली तर तीन कृतींचा भेद त्यात आधीच आहे. टिपणे काही अटींवर चालते, प्रती विकणे आणि प्रसारित करणे चालत नाही, आणि मधल्या देवाणघेवाणीबद्दल कायदा संकुचित आहे. ‘करणाऱ्याच्या स्वतःच्या वापरासाठी’ या शब्दांत मित्राला दिलेली प्रत बसवणे अवघड आहे.

तीन भूमिका

पहिली भूमिका कलावंताच्या नियंत्रणाची. सादरीकरण क्षणापुरते असते या भरवशावर कलावंत धोका पत्करतो. यंत्र चालू आहे हे कळले की तो जपून गातो, म्हणजे मुद्रणाने ज्याची नोंद घ्यायची तेच बदलते. किंग क्रिमझन या बँडचे रॉबर्ट फ्रिप यांनी कार्यक्रमातल्या मुद्रणाला आणि छायाचित्रणाला वर्षानुवर्षे केलेल्या विरोधाचा गाभा हाच आहे. दुसरी भूमिका संग्राहकांची आणि अभ्यासकांची. अधिकृत अल्बम म्हणजे निवडलेले आणि घासून-पुसून ठेवलेले संगीत, इतिहास मात्र न निवडलेल्या कार्यक्रमांत असतो. ग्रेटफुल डेडच्या मे १९७७ मधल्या कॉर्नेलच्या कार्यक्रमाच्या फिती चाहत्यांनी वर्षानुवर्षे एकमेकांना पोहोचवल्या. २०११ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत घेतला, आणि अधिकृत अल्बम आला तो त्यानंतर सहा वर्षांनी. तिसरी भूमिका उद्योगाची. चोरट्या फितीचा दर्जा वाईट असतो, पैसा कलावंताकडे जात नाही, आणि गुंतवणूक करणाऱ्याला संरक्षण नसेल तर चांगले मुद्रण होणारच नाही, असे ती सांगते.

या तिन्ही भूमिका आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि त्या एकमेकींवर आदळतात याचे कारण प्रत्येकीच्या नजरेसमोर वेगळी कृती असते. कलावंताचा आक्षेप मुख्यतः टिपण्याच्या क्षणावर आहे, उद्योगाचा विक्रीवर, आणि अभ्यासकाचे समर्थन जतन आणि देवाणघेवाण यांचे आहे. म्हणून ‘बूटलेग चांगले की वाईट’ असे विचारण्यापेक्षा प्रत्येक पायरीवर सादरकर्त्याची संमती होती का आणि लाभ कोणाला झाला, हे विचारणे अधिक फलदायी ठरते.

या मांडणीवरचे आक्षेप

पहिला आक्षेप असा, की अधिकृत आणि अनधिकृत हा भेद पुरेसा असताना पायऱ्या कशाला मोजायच्या? डीप पर्पलचेच उदाहरण त्याला उत्तर देते. १९९३ मध्ये बर्मिंगहॅमला झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचे मुद्रण २००७ मध्ये एका मोठ्या कंपनीने पुन्हा बाजारात आणले, तेव्हा गायक इयन गिलन यांनीच लोकांना ते घेऊ नका असे सांगितले आणि कंपनीला ते मागे घ्यावे लागले. कागदोपत्री काढणाऱ्याचा हक्क असेलही, सादरकर्त्याची इच्छा नव्हती. अधिकृत शिक्का आणि संमती या दोन गोष्टी एकच नाहीत, हे यातून दिसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंटरनेटच्या काळात देवाणघेवाण आणि प्रसिद्धी यांतली भिंत पडली. एकेकाळी फीत पोस्टाने एका हातातून दुसऱ्या हातात जायची, प्रत्येक प्रतीबरोबर आवाज खालावायचा आणि वेगही मर्यादित राहायचा. आज मोबाइलवर टिपलेला तुकडा कार्यक्रम संपण्याआधी हजारोंपर्यंत जातो. ही अडचण मान्य केली पाहिजे: तीनपैकी मधली पायरी जवळजवळ नाहीशी झाली आहे. पण त्यामुळे भेद निरुपयोगी होत नाही, उलट पहिल्या आणि तिसऱ्या पायरीतले अंतर अधिक काळजीने जपावे लागते. स्वतःसाठी टिपणे आणि सर्वांसाठी टाकणे यांत आता फक्त एका बोटाचे अंतर असल्याने, पूर्वी यंत्राच्या मर्यादेने पाळला जाणारा संयम माणसाने स्वतः पाळायचा आहे.

तिसरा आक्षेप जतनाच्या बाजूने येतो. संमतीची वाट पाहत बसलो असतो तर निम्मा इतिहास गेला असता, असे संग्राहक म्हणतात. यात तथ्य आहे, आणि बखले-अल्लादियाखाँ यांच्याबाबत जे गमावले ते त्याची साक्ष आहे. पण कलावंताने आधीच स्पष्ट नकार दिला असेल तर जतनाचा हेतू तो नकार पुसू शकत नाही. आणि नकार नसला तरी मौनाचा अर्थ फार तर टिपण्यापुरता घेता येईल, प्रसिद्धीपर्यंत ताणता येणार नाही. जतनाने मिळवलेला अधिकार राखणदाराचा असतो, मालकाचा नव्हे.

अजून न सुटलेले

पहिला मोकळा प्रश्न साथीदारांचा आहे. बँडमध्ये किंवा मैफलीत अनेकांचे सादरीकरण एकत्र मुद्रित होते, पण परवानगी बहुधा मुख्य कलावंताकडूनच घेतली जाते. तबलजी, हार्मोनियमवादक किंवा १९७२ मधले मुंबईचे वादक यांचा वाटा कसा ठरवायचा, याची सर्वमान्य पद्धत नाही. दुसरा प्रश्न वारसांचा. कलावंत गेल्यावर त्याने नाकारलेली फीत वारसांनी खुली करावी का, हे कायदा मुदतीने ठरवतो, पण औचित्याचे उत्तर मुदतीत सापडत नाही. तिसरा प्रश्न रागसंगीताच्या कर्तृत्वाचा. बंदिश परंपरेची, विस्तार गायकाचा, आणि तो दर वेळी नवा. परंपरेतल्या रचनेवर कोणाचा हक्क किती, यावर दिल्ली उच्च न्यायालयात २०२५ मध्ये डागर घराण्याच्या ‘शिवस्तुती’संबंधी एकल न्यायाधीश आणि खंडपीठ यांची मते वेगळी पडली, यावरून मुद्दा किती कच्चा आहे हे कळते. त्यातच जुन्या फितींवरून आवाजाची कृत्रिम नक्कल करणारी साधने आता आली आहेत. खाजगी ऐकण्यासाठी टिपलेली मैफल अशा यंत्राचे खाद्य व्हावी का, याचा विचार टिपणाऱ्यानेही केला नव्हता आणि गाणाऱ्यानेही.

चौथा प्रश्न रायगडमधल्या कर्जत-खालापूरसारख्या भागाला थेट लागू आहे. कायद्यातली सादरकर्त्याची व्याख्या रुंद आहे. गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरती करणारा, जादूगार आणि गारुडीही तिच्यात आहेत. त्यामुळे कर्जतच्या एखाद्या रिसॉर्टवर पाहुण्यांसमोर ठाकर किंवा कातकरी मंडळी नाचली, तर त्यांच्या सादरीकरणावर त्यांचा हक्क तितकाच आहे, जितका मुंबईत वाजवणाऱ्या परदेशी बँडचा. फरक असा, की बँडकडे व्यवस्थापक आणि वकील असतात. इथे पाहुण्याने टिपलेली चित्रफीत रिसॉर्टच्या जाहिरातीत गेली तरी विचारणारे कोणी नसते. बूटलेगची चर्चा आजवर नामवंतांच्या तक्रारीभोवती फिरली आणि ज्यांचे नावच कुठे लागत नाही त्यांचे मुद्रण तिच्या बाहेर राहिले. वेगळी वाट अशक्य नाही. घाटापलीकडच्या मावळ-मुळशीपासून गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात लाखाहून अधिक ओव्या आहेत. आता त्या प्रसिद्ध होतात तेव्हा गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव त्यांच्याबरोबर दिलेले असते.

या सर्व मुद्द्यांचा मेळ घातला तर पूर्ण तोडगा हाती लागत नाही, पण दिशा दिसते. ग्रेटफुल डेडची वाटा-पण-विकू-नका ही अट, कलम ३९ मधली खाजगी वापराची सूट आणि ओव्यांच्या संग्रहातली नाव देण्याची शिस्त या तिन्हींची घडण वेगवेगळ्या जागी झाली. तरी तिन्हींत टिपण्याला मुभा आहे आणि पुढच्या प्रत्येक पावलावर जबाबदारी वाढत जाते. कार्यक्रम ठरवताना मुद्रणाची मुभा कोणाला, कशासाठी आणि प्रसिद्धी करायची तर कोणाकोणाच्या संमतीने, एवढे आयोजकाने आधी लिहून ठेवले आणि साथीदारांपासून नाचणाऱ्यांपर्यंत सर्वांना सांगितले, तर नंतरचे बरेच तंटे टळतील. जुन्या फितींच्या बाबतीत ती सोय नाही. तिथे प्रत्येक फितीचा निवाडा वेगळाच करावा लागेल, आणि तो करताना फीत कोणाच्या कपाटात आहे यापेक्षा तिच्यात कोणाकोणाचा आवाज आहे हे आधी पाहावे लागेल.